स्टेम सेल अंगात सोडल्या, आता त्यांचा माग कसा काढायचा?

स्टेम सेल वाढवायच्या कशा, त्यात जीन घालायचा कसा, हे शिकवणारे सीनियर लॅबमध्ये सापडतात. पण त्या पेशी एकदा उंदराच्या अंगात सोडल्या की पुढे कुठे गेल्या, जगल्या का मेल्या, हे उंदीर न मारता कसं बघायचं हा विषय आला की सगळे एकदम "इमेजिंगवाल्यांना विचार" म्हणून मोकळे होतात आणि इमेजिंगवाले म्हणतात की आधी सांगायचं होतं, आता पेशींमध्ये दिसण्यासारखं काही घातलंच नाहीये तर आम्ही काय दाखवू. म्हणून हे सगळं पेशी टोचायच्या कितीतरी आधी वाचायचं आहे. मी उंदीर आणि मेसेनकायमल स्टेम सेल (ज्यांच्यापासून चरबी, हाड, कूर्चा होतात त्या) धरून सांगतो, मध्ये मध्ये माणसांवर झालेलं कामही सांगीन, कारण त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मशीन कुठलं मिळेल हा प्रश्न नंतरचा. आधी कागदावर लिहा की तुम्हाला नक्की काय बघायचंय. पेशी ठरलेल्या जागी पडल्या का? का महिन्याभराने किती जिवंत आहेत? का त्या वाढून गाठ तर होत नाहीये ना? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींना एकच स्कॅन चालत नाही. पहिल्या प्रश्नाला पेशींवर नुसता रंग चढवल्यासारखं लेबल पुरतं, म्हणजे लोखंडाचे नॅनोकण किंवा रेडिओअॅक्टिव्ह काहीतरी. दुसऱ्या-तिसऱ्याला पेशीच्या डीएनएमध्येच रिपोर्टर जीन घालावा लागतो, म्हणजे पेशी जिवंत असेल तोपर्यंतच ती सिग्नल देणार आणि तिची पिल्लंही देणार. माझं स्पष्ट मत आहे की जगण्या-मरण्याचा प्रश्न असेल तर रिपोर्टर जीनला पर्याय नाही, बाकी कोणी कितीही सुंदर एमआरआयचे फोटो दाखवू देत.

आधी लेबलवाला रस्ता. ह्यात सगळ्यात जास्त वापरलं जातं ते आयर्न ऑक्साइड. पूर्वी फेरिडेक्स म्हणून लिव्हरच्या एमआरआयसाठीचं औषध होतं, लोक तेच पेशींना पाजायचे, नंतर ते बाजारातून गेलं. आता फेरुमॉक्सिटॉल वापरतात, जे २००९ मध्ये अमेरिकेत किडनीच्या पेशंटच्या अॅनिमियासाठी मंजूर झालं. पण नुसतं फेरुमॉक्सिटॉल मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, टाकलं तर स्टेम सेल ते फारसं आत घेत नाहीत. त्यात हेपारिन आणि प्रोटामिन मिसळलं की तिघांचे मिळून बारीक गोळे होतात आणि ते पेशी गिळतात, ही युक्ती २०१२ मध्ये छापून आली आणि तिची मजा ही की तिन्ही औषधं आधीपासून माणसांत वापरात आहेत. करायचं असं: सीरम नसलेल्या मीडियात हे मिश्रण पेशींवर काही तास ठेवायचं, मग सीरमवालं मीडिया घालून रात्रभर, सकाळी हेपारिन घातलेल्या पीबीएसने (मिठाच्या बफर पाण्याने) नीट धुवायचं, कारण बाहेर चिकटून राहिलेलं लोखंड धुतलं नाही तर ते पेशींबरोबर सिरिंजमध्ये जातं आणि स्कॅनमध्ये पेशीच असल्याचं सोंग आणतं. धुतल्यावर थोड्या पेशी काढून प्रशियन ब्लू (लोखंड निळं दाखवणारा रंग) करा, निळे ठिपके किती टक्के पेशींत दिसतात ते मोजा, ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या मोजा, जमलं तर आयसीपी-एमएसवर एका पेशीत किती पिकोग्रॅम लोखंड आहे तेही काढून घ्या.

आणि लेबल चढवल्यावर पेशीची क्षमता तीच राहिली का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. २००४ मध्ये दाखवलं गेलं की फेरिडेक्स घातलेल्या मेसेनकायमल स्टेम सेल चरबीच्या पेशी छान होतात, हाडाच्याही होतात, पण कूर्चा व्हायला अडतात. म्हणजे गुडघ्याच्या कूर्चेवर काम करणाऱ्याने हे न तपासता लेबल घातलं तर प्रयोग पहिल्या दिवशीच गेला, आणि दोष मात्र बिचाऱ्या स्टेम सेलवर यायचा.

आता आयर्न लेबलची खरी गोची. एमआरआयमध्ये लोखंड काळं दिसतं, टी-टू-स्टार सिक्वेन्सवर तर फारच ठळक, आणि तो काळा डाग खऱ्या पेशींच्या पुंजक्यापेक्षा मोठाच दिसतो. पण पेशी मेली म्हणून लोखंड कुठे जात नाही. आसपासचे मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या कचरा खाणाऱ्या पेशी, येऊन मेलेली पेशी खातात, लोखंड त्यांच्या पोटात जातं, आणि डाग जागच्या जागी. भाडेकरू कधीच सोडून गेला तरी दारावरची पाटी तशीच राहावी, असा तो प्रकार. एकाच उंदरात दोन्ही पद्धती लावून बघणाऱ्यांना हेच दिसलं की लुसिफेरेज ह्या रिपोर्टर जीनचा उजेड विझून गेलाय आणि एमआरआयचा डाग आठवड्यांनंतरही ऐटीत बसलेला आहे. त्यात परत सुईने झालेला छोटासा रक्तस्रावही एमआरआयवर काळाच दिसतो. म्हणून काही उंदरांना नुसतं पीबीएस टोचा आणि काहींना लेबल केलेल्या पण मुद्दाम मारलेल्या पेशी टोचा. हे दोन ग्रुप नसतील तर तुमच्या काळ्या डागाला काही अर्थ नाही, रिव्ह्यूअर विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

आणखी एक, पेशी दुभंगली की लेबल अर्धं होतं. पटापट वाढणाऱ्या पेशींत थोड्याच दिवसांत ते दिसण्याच्या पातळीखाली जातं. त्यामुळे गाठ होतेय का हे बघायला लेबल सगळ्यात निकामी, कारण गाठ जितकी वाढेल तितकं लेबल विरळ.

एवढं सगळं ऐकून लेबल टाकाऊ आहे असं वाटत असेल तर तसंही नाही. नेदरलँड्सच्या नायमेगनमध्ये २००५ मध्ये मेलानोमाच्या (कातडीच्या कॅन्सरच्या) पेशंटना डेन्ड्रिटिक सेलची (इम्युनिटीला शत्रू दाखवून देणाऱ्या पेशींची) लस अल्ट्रासाउंड बघत बघत लिम्फ नोडमध्ये दिली, पेशींवर लोखंड आणि रेडिओअॅक्टिव्ह इंडियम-१११ दोन्ही होतं. एमआरआयमध्ये कळलं की आठापैकी चार पेशंटमध्ये पेशी लिम्फ नोडच्या आत पडल्याच नाहीत, आजूबाजूच्या चरबीत गेल्या. अनुभवी रेडिओलॉजिस्ट, समोर अल्ट्रासाउंडची स्क्रीन, तरी ही गत! आता विचार करा, लस चालली नाही असं म्हणून किती ट्रायल बंद पडल्या असतील जिथे मुळात सुईच चुकली होती. पेशी स्टेम सेल नव्हत्या हे खरं, पण धडा तोच. "पेशी कुठे पडली" ह्या प्रश्नाला लेबल उत्तम.

रेडिओअॅक्टिव्ह लेबलचं गणित वेगळं, तिथे घड्याळ बघावं लागतं. फ्लोरिन-१८ ची हाफ-लाइफ ११० मिनिटं, टेक्नेशियम-९९एम ची ६ तास, इंडियम-१११ ची २.८ दिवस, झिरकोनियम-८९ ची साधारण ७८ तास. म्हणजे मुंबईच्या सायक्लोट्रॉनवरून (असे अणू बनवणाऱ्या मशीनवरून) पुण्याला काही मागवलं आणि गाडी खंडाळ्याच्या घाटात अडकली तर तुमच्या फ्लोरिनची अर्धी अॅक्टिव्हिटी घाटातच संपते. पहिल्या तासा-दोन तासाचं वाटप बघायचं असेल तर एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेली साखर, पाजलेल्या पेशी चालतात. जर्मनीत हानोव्हरमध्ये २००५ ला हार्ट अटॅकच्या पेशंटवर हेच केलं, स्वतःच्याच बोन मॅरोच्या पेशी एफडीजीने लेबल करून हृदयाच्या धमनीत सोडल्या आणि तासाभराने पेट स्कॅन केला, तर बिनवेचलेल्या पेशींपैकी फक्त १.३ ते २.६ टक्के हृदयात सापडल्या, बाकीच्या मुख्यतः लिव्हर आणि स्प्लीनमध्ये. सीडी-३४ ही खूण असलेल्या पेशी वेचून दिल्या तर १४ ते ३९ टक्के राहिल्या. आणि शिरेतून दिलेल्यांचं हृदयात नाव-निशाण नाही. हा आकडा मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो, कारण त्याला वाटत असतं की दहा लाख टोचल्या म्हणजे दहा लाख जागेवर आहेत.

शिरेतून देणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: मेसेनकायमल पेशी सुट्या असताना १५-२० मायक्रॉनच्या असतात आणि फुफ्फुसाच्या केशवाहिन्या त्याच्या निम्म्या रुंद, त्यामुळे शेपटीतून टोचलं की पहिला मुक्काम फुफ्फुसात. पहिल्या स्कॅनमध्ये छाती उजळलेली दिसली की घाबरू नका, पण ते "लक्ष्याकडे निघाल्यात" असंही लिहू नका, बहुतेक तिथेच मरतात.

आता इंजिनियर केलेल्या पेशी, म्हणजे रिपोर्टर जीन. उंदरात पहिली निवड काजव्याचं लुसिफेरेज. पावसाआधी भंडारदऱ्याला झाडं लुकलुकताना बघायला जी गर्दी होते ना, त्या काजव्यांचीच रसायनशास्त्राची करामत, फक्त लॅबमधला जीन अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस जातीचा. लुसिफेरिन हे त्याचं इंधन दिलं की पेशी उजेड देते, आणि त्याला एटीपी आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून मेलेली पेशी उजेड देऊच शकत नाही. हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

जीन घालताना लेंटीव्हायरस (जीन पेशीत वाहून नेणारा व्हायरस) सोपा पडतो, पण व्हायरसचं प्रमाण कमी ठेवा म्हणजे एका पेशीत शक्यतो एकच कॉपी जाईल. प्रमोटरच्या, म्हणजे जीन चालू ठेवणाऱ्या स्विचच्या, बाबतीत माझं ऐका आणि सीएमव्ही टाळा, स्टेम सेलमध्ये त्याच्यावर मिथाइल बसून तो हळूहळू झोपतो आणि मग पेशी ठणठणीत असून सिग्नल कमी होतो, तुम्ही मात्र समजता की पेशी मेल्या. ईएफ-१-अल्फा किंवा युबिक्विटिन किंवा कॅग घ्या. पुढे माणसापर्यंत न्यायचं स्वप्न असेल, विशेषतः आयपीएस पेशी (साध्या पेशी परत मूळ अवस्थेत नेऊन केलेल्या स्टेम सेल) असतील, तर क्रिस्पर ह्या जीन-कात्रीने १९ व्या क्रोमोसोमवरच्या एएव्हीएस-१ ह्या जागी जीन बसवा, कष्ट जास्त आहेत पण कुठे बसला हे माहीत असतं आणि सगळ्या पेशींचा उजेड एकसारखा येतो. लुसिफेरेजच्या जोडीला एखादं लाल फ्लुओरोसंट प्रोटीन ठेवा, सॉर्टरवर पेशी वेचायला आणि शेवटी स्लाइडवर शोधायला ते लागतंच.

वेचलेल्या पेशी वाढल्या की काळ्या ९६-वेल प्लेटमध्ये पेशींची संख्या दुप्पट-दुप्पट करत लावा, लुसिफेरिन घाला आणि फोटॉन मोजा. रेषा सरळ आली पाहिजे. हीच प्लेट काही पॅसेजनंतर (पेशी नव्या भांड्यात हलवत वाढवल्यानंतर) परत करा, दर पेशीमागचा उजेड घटत असेल तर जीन झोपायला लागलाय. कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) आणि चरबी, हाड, कूर्चा ह्या तिन्ही दिशांचं डिफरन्सिएशन जीन घातल्यानंतरच्या पेशींवर करायचं, आधीच्या पेशींचा जुना रिपोर्ट जोडून भागवायचं नाही.

उंदीर कुठला हेही आत्ताच ठरवा. माणसाच्या पेशी असतील तर न्यूड किंवा एनएसजी हे कमजोर इम्युनिटीचे उंदीर, नाहीतर रिजेक्शन होणारच. पेशी उंदराच्याच असल्या तरी काजव्याचं प्रोटीन परकं आहे, धडधाकट इम्युनिटीचा उंदीर त्याच्यावरही उठू शकतो. काळा सी-५७ उंदीर टाळता आला तर टाळा, काळी केसं-कातडी उजेड खाते, त्याचा पांढरा भाऊ मिळतो तो घ्या. केस असतील तर आदल्या दिवशी काढून ठेवा.

स्कॅनच्या दिवशीचं काम तसं सोपं आहे, पण शिस्त लागते. डी-लुसिफेरिन १५ मिलिग्रॅम प्रति मिली असं पीबीएसमध्ये करा, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा, उजेडापासून झाकून ठेवा. डोस १५० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे वजनाच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर, २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर पोटात. वजन त्या दिवशीचं घ्या, मागच्या आठवड्याचं नको. मग साधारण २ टक्के आयसोफ्लुरेनवर झोपवा आणि मशीनमध्ये ठेवा. उजेड १० ते २० मिनिटांच्या दरम्यान शिखरावर जातो, पण ते शिखर प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं, म्हणून पहिल्यांदा दर दोन-तीन मिनिटांनी फोटो काढून पूर्ण वक्र काढा आणि मग पुढच्या सगळ्या आठवड्यांत तीच वेळ पाळा. कधीकधी सुई चुकून आतड्यात जाते आणि एकच उंदीर एकदम मंद दिसतो, अशा वेळी पेशी मेल्या म्हणून वहीत लिहू नका, दुसऱ्या दिवशी परत स्कॅन करा. आकडे नेहमी रेडियन्समध्ये (उजेडाच्या ठरलेल्या मापात) ठेवा, रंगीत चित्रावर जाऊ नका, कारण रंगाची पट्टी सॉफ्टवेअर स्वतः बदलतं आणि पहिल्या आठवड्याचा लाल म्हणजे चौथ्या आठवड्याचा लाल नसतो. सगळ्या चित्रांना एकच पट्टी लावा.

ह्या पद्धतीची मर्यादा म्हणजे खोली. शरीराच्या तापमानाला काजव्याचा उजेड ६१० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि हिमोग्लोबिन त्यातला बराच गिळतं, त्यामुळे कातडीखालच्या हजार पेशी आणि हृदयातल्या हजार पेशी सारख्या दिसणार नाहीत, दोन अवयवांची सरळ तुलना करू नका. २०१८ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून अकाल्युक (सुधारलेलं लुसिफेरेज) आणि अकाल्युमिन (त्याचं लुसिफेरिन) ही जोडी आली, तिचा उजेड ६५० नॅनोमीटरला, म्हणजे अजून तांबडा, आणि तिने मार्मोसेट माकडाच्या मेंदूतल्या पेशीसुद्धा बाहेरून दिसल्या. तरी माणसाच्या छातीतून हे येणार नाही.

माणसापर्यंत जायचं तर पेट किंवा स्पेक्टचा (रेडिओअॅक्टिव्ह पदार्थ बाहेरून टिपणाऱ्या स्कॅनचा) रिपोर्टर हवा. दोन नावं लक्षात ठेवा. एक हर्पिस व्हायरसचं थायमिडिन कायनेज. ह्या पेशींना एफएचबीजी नावाचा फ्लोरिन-१८ वाला पदार्थ दिला की तो आत जाऊन अडकतो आणि पेटवर दिसतो. ह्यातली खरी गंमत पुढे आहे, त्याच पेशी गॅन्सिक्लोव्हिर दिलं की मरतात, म्हणजे बघायचा जीन तोच आणि गडबड झाली तर बंद करायचं बटणही तोच. स्टॅनफर्डमध्ये २००६ साली उंदराच्या एम्ब्रियोनिक स्टेम सेलमध्ये लुसिफेरेज, लाल प्रोटीन आणि थायमिडिन कायनेज अशी तिघांची जोडणी घालून त्या रॅटच्या हृदयात सोडल्या होत्या, तर काही आठवड्यांत टेराटोमा, म्हणजे स्टेम सेलच्या गाठी, झाले, इमेजिंगवर वाढता सिग्नल दिसला आणि गॅन्सिक्लोव्हिरने ते आटोक्यात आणता आले. ह्या कामात संजीव गंभीरही होते, अंबाल्यात जन्मलेले, २०२० मध्ये गेले, आणि मॉलिक्युलर इमेजिंगमध्ये त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांच्याच गटाने पुढे ग्लिओमाच्या (मेंदूच्या कॅन्सरच्या) पेशंटमध्ये हाच जीन घातलेल्या टी-सेल पेटवर दाखवल्या, आधी २००९ मध्ये एका पेशंटवर, मग २०१७ मध्ये सात जणांवर. अडचणी दोन: एफएचबीजी शाबूत ब्लड-ब्रेन बॅरियर (रक्त आणि मेंदूमधली भिंत) नीट ओलांडत नाही, ग्लिओमामध्ये तो बॅरियर फाटलेला असतो म्हणून जमलं. आणि प्रोटीन व्हायरसचं, त्यामुळे इम्युनिटी ओळखू शकते.

दुसरं नाव सोडियम आयोडाइड सिम्पोर्टर, थायरॉइडमध्ये आयोडिन आत ओढणारा पंप, १९९६ मध्ये त्याचा जीन सापडला. हा आपल्याच शरीराचा आहे म्हणून परका वाटत नाही, आणि ह्याला सायक्लोट्रॉनही लागत नाही, न्यूक्लियर मेडिसिनच्या डिपार्टमेंटमध्ये रोज जे टेक्नेशियमचं परटेक्नेटेट जनरेटरमधून काढतात तेच चालतं. आपल्याकडच्या बजेटमध्ये मला हाच सगळ्यात व्यवहारी वाटतो. फक्त थायरॉइड, लाळग्रंथी आणि पोट आपोआप उजळणार, त्यामुळे पेशी पोटाजवळ सोडणार असाल तर विसरा. पाय, हृदयाचा वरचा भाग, मेंदूत बॅरियर फुटलेली जागा इथे ठीक. पण पेशी आयोडिन बाहेरही टाकते, थायरॉइडसारखं साठवून ठेवत नाही, म्हणून स्कॅन लवकर उरका.

फ्लोरिन-१९ चा एमआरआय, मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग, फोटोअकूस्टिक हेही आहेत. फ्लोरिनवाल्याचा फायदा असा की मऊ अवयवांत दिसण्याजोगं फ्लोरिन मुळात नसतंच, त्यामुळे जे दिसलं ते तुमचंच, पण पेशी पुष्कळ लागतात. मशीन हाताशी असेल तर करा, त्यासाठी जीव टाकू नका.

परवानग्यांचं काम शेवटी ठेवलं तर वर्ष जातं. भारतात प्राण्यांसाठी संस्थेची एथिक्स कमिटी, लेंटीव्हायरस आणि बदललेल्या पेशींसाठी बायोसेफ्टी कमिटी, स्टेम सेलसाठी आयसीएमआर आणि डीबीटीच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे वेगळी कमिटी, आणि रेडिओअॅक्टिव्ह काहीही असेल तर एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. चारही अर्ज एकदमच टाका. जाता जाता, नातेवाइकांपैकी कोणी "क्लिनिकने स्टेम सेल दिल्या आणि पेट स्कॅनमध्ये मेंदूत पोचलेल्या दाखवल्या" असं सांगितलं तर शांतपणे विचारा की पेशींवर लेबल काय होतं. साधा एफडीजी पेट मेंदू किती साखर खातोय ते दाखवतो, टोचलेली पेशी नाही दाखवत. आणि त्याच गाइडलाइनप्रमाणे रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर मंजूर ट्रायलच्या बाहेर हे द्यायलाच परवानगी नाही.

शेवटच्या स्कॅननंतर उंदीर मारायचा त्या दिवशी लुसिफेरिन देऊन काही मिनिटांत अवयव बाहेर काढा, प्लेटमध्ये मांडून परत फोटो घ्या, खोलीमुळे जे लपलं होतं ते इथे दिसतं. मग ताबडतोब फिक्स करा आणि लगतच्या कापांवर तीन गोष्टी लावा: प्रशियन ब्लू, मॅक्रोफेजसाठी सीडी-६८, आणि माणसाच्या पेशींसाठी ह्यूमन न्यूक्लियर अँटिजेन. निळं आणि ह्यूमन अँटिजेन एकाच जागी, तर पेशी तुमची. निळं आणि सीडी-६८ एकत्र, तर तो मॅक्रोफेज, आणि मग एमआरआयच्या डागातला तेवढा हिस्सा जिवंत पेशींच्या हिशोबातून वजा करायचा, मग चित्र कितीही छान आलेलं असो.